गाजराच्या मानेतली माती

"ही गाजरं त्याची नव्हेत," आक्का म्हणाली आणि किसाची वाटी तिने टेबलावरून पलीकडे सरकवली.

"त्याचीच आहेत. महिनाभर घेतली नव्हती, आज सकाळी मी स्वतः त्याच्या टेबलावरून उचलली."

"टेबल त्याचं असेल बाई. गाजर नव्हे." आक्काने पुन्हा एक चिमूट तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "गोड आहे. पण नुसतंच गोड. त्याच्या गाजराला मागाहून एक उग्र वास येतो, नाकापर्यंत जातो. हे म्हणजे साखरेच्या पाण्यात भिजवलेलं लाकूड."

आक्का सत्त्याहत्तर वर्षांची होती. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसून तिची पाठ वाकली होती आणि वरचे दात गेले होते, त्यामुळे गाजर किसूनच खावं लागे. जीभ मात्र शाबूत होती, चव घेणारीही आणि बोलणारीही. धाकट्या बहिणीने तिच्याशी वाद घालणं केव्हाच सोडून दिलं होतं. आज तिने घातला, कारण आक्काचं म्हणणं खरं असेल तर प्रश्न चवीपुरता राहणार नव्हता.

धाकटीला सगळे मातीबाई म्हणत. बत्तीस वर्षं ती माती परीक्षण प्रयोगशाळेत कामाला होती. पिशव्यांतून आलेली माती वाळवायची, चाळायची, तोलायची, पाण्यात ढवळून थर मोजायचे आणि छापील कागदावर आकडे भरायचे. या बत्तीस वर्षांत तिच्या हातून एकही शोध लागला नाही आणि एकही नमुना बदलला गेला नाही. दुसऱ्या गोष्टीचं तिला मनातून समाधान होतं. निवृत्त झाली तेव्हा शनिवारच्या बाजाराच्या समितीने तिला बोलावून तपासनीस केलं. पगार नव्हता. एक वही होती आणि गळ्यात अडकवायचा बिल्ला होता. बिल्ला ती घालत नसे.

बाजार भरायचा बसस्टँडमागे, लाकडाच्या जुन्या वखारीत. बेचाळीस टेबलं आणि दारावर रंगवलेली नियमांची पाटी. टेबलावरचा माल विकणाऱ्याने स्वतः पिकवलेला असला पाहिजे, आणि तोही चाळीस किलोमीटरच्या आत. विकत आणलेला माल सापडला तर जागा कायमची गेली. सलग तीन शनिवार आला नाही तरी जागा गेली, कारण नव्वद माणसं रांगेत उभी होती. लोक सुपरमार्केट सोडून इथे येत ते या पाटीसाठीच. या बाजारात धुतलेलं गाजर कोणी हातात धरत नसे. अंगावर माती असली की गिऱ्हाईक म्हणायचं, हं, हे शेतातून आलंय.

मातीबाईने पिशवीतलं एक अख्खं गाजर बाहेर काढलं आणि खिडकीशी नेलं.

अंगावर माती होती. तांबडी, ओढ्याच्या वरच्या अंगाची, त्याच्याच शेतातली. ती माती तिने डोळे बांधून ओळखली असती. पण ती जरा जास्तच सारखी लागलेली होती. जमिनीतून उपटलेल्या गाजराला माती अशी चिकटत नाही. तंतुमुळांच्या रेघांवर जास्त, मधे कमी, शेंड्याला गोळा. इथे वरपासून खालपर्यंत एकच हात फिरलेला दिसत होता. तिने पाल्याची देठं दोन बोटांनी फाकवली. देठं जिथून फुटतात त्या मानेच्या खाचेत बारीक, राखाडी, चकाकणारी वाळू होती.

तिने जामची रिकामी बरणी घेतली, पाणी भरलं, गाजर त्यात बुडवून मऊ ब्रशने घासलं आणि बरणी खिडकीत ठेवली. मिनिटभरात राखाडी वाळू तळाला बसली. वरचं पाणी तांबडं, गढूळ, तसंच राहिलं. वाळू जड, ती लगेच खाली जाते. चिकणमातीचे कण इतके हलके की रात्रभर तरंगतात. हे तिने हजारो वेळा पाहिलं होतं. एका गाजराला दोन शेतं मात्र पहिल्यांदाच पाहत होती.

"काय निघालं?" आक्काने विचारलं.

"तुझं बरोबर आहे," मातीबाई म्हणाली.

आक्काला एरवी हे वाक्य ऐकायला फार आवडे. आज तिने मान खाली घातली आणि वाटीची कड उगाच पुसत बसली.

गाजरवाल्याला सगळा बाजार गाजरदादा म्हणायचा. वय चौऱ्याहत्तर. बाजार सुरू झाला त्या पहिल्या शनिवारपासून सतरा नंबरचं टेबल त्याचं. त्याच्या गाजरांच्या जुड्या एकाच लांबीच्या, पाला एकाच उंचीवर छाटलेला. इतक्या निगुतीच्या माणसाने एकेका गाजराला बसून माती चोळावी, आणि मानेतली राखाडी वाळू, जी कोणालाही दिसावी, ती तशीच ठेवावी? एवढा लबाड आणि एवढा वेंधळा माणूस एकच कसा असेल, हे तिला कळेना. प्रयोगशाळेत दोन आकडे एकमेकांशी जुळले नाहीत की ती तिसरा शोधायची. तसा ती आता शोधू लागली.

गाजरदादा पूर्वी सायकलच्या गाडीतून माल आणायचा. दोन महिने झाले, बसने येत होता. आणि आज सकाळचंच बोलणं. शेजारच्या टेबलावरची अंडीवाली तिला म्हणाली होती, "मातीबाई, आमच्या दादांना हल्ली शिष्टपणा चढलाय हो. बोलतात माझ्याशी आणि बघतात भलतीकडेच."

"भलतीकडे म्हणजे माझ्याकडे," मधवाला म्हणाला. "माझं रूपच तसं आहे."

"तुमच्या रूपावर माश्या तेवढ्या बसतात," अंडीवाली म्हणाली, आणि सगळे हसले. गाजरदादाही हसला होता, खांबाकडे बघत.

बुधवारी ती सकाळच्या बसने निघाली. हंगामातून एकदा प्रत्येकाच्या शेतावर जायचं, पीक जमिनीत उभं बघायचं, हा कामाचाच भाग होता. फाट्यावर उतरून ती पंधरा मिनिटं चालली. गाजरदादा घरापुढच्या बाकावर बसलेला होता. ती दहा पावलांवर आली तरी तो काही बोलला नाही.

"कोण ते?" त्याने मग विचारलं.

"मी. बाजारातली."

"मातीबाई होय! या, या. ऊन डोळ्यांवर आलं, म्हणून ओळखलं नाही."

ऊन त्याच्या पाठीमागे होतं. तिने ते मनात नोंदवलं आणि बाकावर बसली.

त्याने चहा केला. स्वयंपाकघर लहान, पण जिथलं तिथे. डबे उंचीप्रमाणे लावलेले, दोन कप खुंटीला. कपात चहा ओतताना त्याने डाव्या हाताचं बोट कपाच्या कडेवर ठेवलं, आणि चहा बोटाला लागला तेव्हा हात थांबवला. चहा उकळता होता. चेहऱ्यावर त्याने काही येऊ दिलं नाही.

"चला, वाफे बघू," चहा झाल्यावर ती म्हणाली.

"बघायचं काय त्यात? गाजरं ती गाजरंच."

"दर वर्षी बघते ना दादा."

वाफा घराच्या मागेच होता. गाजराचं बी म्हणजे खसखशीहून जरासं मोठं. ते कोरड्या मातीत मिसळून विरळ सोडायचं, नाहीतर रोपं एकमेकांचा गळा धरतात. गाजरदादाचे वाफे म्हणजे वहीतल्या ओळी असायच्या. यंदाच्या वाफ्यात कुठे हातभर जागा उजाड, तर कुठे पाला केसांच्या पुंजक्यासारखा दाट. तिने गुडघे टेकले आणि एक पुंजका धरून ओढला. सात गाजरं एकदम वर आली, करंगळीएवढी, एकमेकांना वेटोळे घातलेली, दोरी वळावी तशी.

"पेरणी तुम्हीच केलीत?"

"नाहीतर काय भुतं येऊन करतात?"

ती गाजरांवरची माती झटकत राहिली. मग म्हणाली, "शनिवारची गाजरं या वाफ्यातली नव्हती, दादा."

त्याने पायाने वाफ्याची कड दाबली. ओढ्यापलीकडे कोणाचा तरी पंप चालू होता.

"चवीला लागलं?"

"आक्काच्या चवीला लागलं. मला माती दिसली."

"माती तर माझीच होती!" त्याच्या आवाजात क्षणभर खरा राग आला. "दोन घमेली भिजवून चोळलीय. एकेक गाजर हातात घेऊन."

"मानेत त्यांची स्वतःची राहिली. राखाडी वाळू आहे, नदीकाठची."

"राखाडी..." त्याने अंगठा तर्जनीवर चोळला, जणू वाळू अजून तिथे होती. "मला सगळं एकाच रंगाचं वाटलं."

तो तिच्याकडे बघत होता, पण नजर तिच्या कानावर होती. तिला तिसरा आकडा सापडला.

"माझं तोंड दिसतं तुम्हाला?"

"कान दिसतो. गळ्यातला रुमाल दिसतो." तो हसल्यासारखा झाला. "तोंडावर कोणीतरी अंगठा दाबून ठेवलाय. जिथे बघावं तिथे तो अंगठा पुढे. डॉक्टर म्हणाला, आतला पडदा झिजलाय. चष्म्याचं काम नाही. आहे त्यात कडेकडेनं बघत राहा."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की लेक येणार न्यायला. सोन्यासारखी लेक आहे, तिला बोल नाही. पण चौथा मजला. खिडकीत कुंडी ठेवली तर खालचे भांडायला येतात." तो वाफ्याच्या कडेला बसला, हाताने जमीन चाचपून. "दर फोनला विचारते, बाबा, तिथे एकटे बसून करता काय? मी सांगतो, अगं, शनिवारी बाजार आहे. मग ती गप्प बसते. तेवढं एकच उत्तर आहे माझ्याकडे. पेरलेलं असं उगवल्यावर एक शनिवार घरी बसलो. मग दुसरा. तिसरा आला, तेव्हा आडतीचा ट्रक फाट्यावरून जातो, त्याला थांबवलं."

"किती शनिवार झाले त्याला?"

"चार."

तिच्या पिशवीत वही होती, पेन होतं. एक ओळ लिहायची होती. पीक पाहिलं, माल स्वतःचा. तिने तसं लिहिलं असतं तर बेचाळीस टेबलांवरच्या एकानेही विचारलं नसतं, कारण तिच्या ओळीला उलटून विचारायची पद्धत बाजारात नव्हती. म्हणूनच ती ओळ लिहिणं अवघड होतं.

"काय लिहिणार?" त्याने विचारलं.

तिने पेन काढलं, पण टोपण उघडलं नाही.

"तो स्ट्रॉबेरीवाला आठवतो? दोन वर्षं झाली."

आठवत होता. त्याच्या पेट्यांच्या तळाशी दुसऱ्याच मुलखाचा छापील कागद तिलाच सापडला होता. पिकावर रोग पडला, घरात तान्हं मूल आहे, असं तो म्हणाला होता, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सगळ्या टेबलवाल्यांनी हात वर करून मत दिलं होतं.

"पहिला हात कोणाचा वर गेला होता?"

"तुमचा," ती म्हणाली.

"मग झालं तर." त्याने हात झटकले. "तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिलंत तर त्या पोरासमोर मी कुठल्या तोंडानं उभा राहू? लिहा जे आहे ते. फक्त एक विचारतो. या शनिवारी मला बसता येईल? माझा माल घेऊन. हाच, हा वेडावाकडा."

"अहवाल बाजार उठल्यावर वाचतात. तोवर टेबल तुमचंच आहे."

"पण ही असली कोण घेईल हो?"

"पाटीवर 'स्वतःचं' असं लिहिलंय," मातीबाई म्हणाली. "'सरळ' असं कुठे लिहिलेलं नाही."

तो मोठ्याने हसला. त्या दिवशी एवढंच एक हसणं झालं.

अहवाल तिने गुरुवारी लिहिला. सहा ओळी झाल्या. आक्का समोर बसून परकराला गोट शिवत होती.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"मी मेलीने तोंड उघडायलाच नको होतं. गोड होती, मुकाट गिळायची."

"तू नसतीस बोललीस तरी धुताना मला दिसलंच असतं."

"दिसलं असतं तर बघायचं नाही. एक म्हातारा माणूस, डोळ्यांनी अधू. तुमच्या पाटीला काय कीड लागणार होती?"

"स्ट्रॉबेरीवाल्याला तान्हं मूल होतं, आक्का."

आक्काने दोरा दाताने तोडायला तोंड उघडलं, आणि वरचे दात नाहीत हे आठवून कात्री उचलली.

शनिवारी गाजरदादा पहिल्या बसने आला. सतरा नंबरच्या टेबलावर एकच टोपली होती. गाजरं जुड्यांत बांधण्यासारखी नव्हतीच, नुसती पसरली होती. पिळाची, दोन पायांची, करंगळीएवढी, आणि मधेच एखादं चुकून नीट वाढलेलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो एकच गोष्ट सांगत होता, न अडखळता, पाठ केल्यासारखी.

"मागचे चार शनिवार मी तुम्हाला दुसऱ्याची गाजरं दिली. विकत आणलेली. ही माझी आहेत. घ्यायची तर घ्या."

एक गृहस्थ पिशवी उचलून चालता झाला. एक नर्स, जी दर आठवड्याला यायची, म्हणाली, "पण माझ्या मुलांना ती फार आवडली होती."

"आवडणारच. गोड होती. माझी नव्हती, एवढंच."

तिने जरा वेळ विचार केला आणि दोन मुठी गाजरं घेतली.

"अहो दादा, गप्प बसा ना!" अंडीवाली दबक्या आवाजात ओरडली. "कोणी विचारलंय का तुम्हाला? आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा!"

"तुलाही सांगतो. मी तुझ्याशी बोलताना तुझ्याकडेच बघत असतो. डोळ्यांचा मधला भाग गेलाय माझा. शिष्टपणा नाही तो."

अंडीवाली थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग एकदम चिडली. "मग सांगायचं नाही का? सगळ्या बाजारात सांगत सुटले मी! माणसानं काय ओळखायचं?" ती तणतणत उठली, आपलं स्टूल उचलून त्याच्या टेबलामागे आदळलं आणि स्वतः अंड्यांच्या रिकाम्या पेटीवर जाऊन बसली.

अकराला मातीबाई फेरीवर निघाली. सोळा नंबर झाला. सतराशी ती थांबली.

"बघा," गाजरदादा म्हणाला आणि टोपलीतलं एक गाजर त्याने पुढे केलं. इतक्या वर्षांत तिने त्याचं गाजर तपासायला हातात घेतलं नव्हतं. लांबूनच बरोबरची खूण करून ती पुढे जायची. आज तिने गाजर घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला, देठं फाकवली आणि मानेत पाहिलं. नीट पाहिलं, जितका वेळ नमुन्याला द्यायचा तितका दिला.

"तांबडी आहे," ती म्हणाली. "आतपर्यंत."

"लिहा मग."

तिने वहीत लिहिलं. टेबल सतरा, गाजर, स्वतःचं.

बाजार उठल्यावर टेबलवाले वखारीच्या दाराशी जमले. समितीचा चिटणीस म्हणजे पोस्टमास्तर. त्याने सहा ओळी वाचल्या, दुसऱ्यांदा मनातल्या मनात वाचल्या, आणि विचारलं, "मातीबाई, यात काही... म्हणजे, पुन्हा एकदा बघण्यासारखं काही?"

"नाही."

"बरं." त्याने घसा साफ केला. "पाटीप्रमाणे जागा काढून घ्यायची. बाजूचे हात वर करा."

कोणीच हलेना. मधवाला चपलेच्या टोकाने भुसा उकरत होता. मग गाजरदादाने हात वर केला. सरळ, कोपरात न वाकवता. बाकीच्यांना त्याच्यामागून करावाच लागला, एकेकाला, खाली बघत. अंडीवालीने दोन्ही हातांत पेटी धरली होती आणि ती तिने शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

"लेकीला फोन केलाय," बसकडे जाताना त्याने मातीबाईला सांगितलं. "बुधवारी येतेय. आनंदली बिचारी." टोपलीत उरलेली गाजरं त्याने तिच्या पिशवीत ओतली. "आक्कांना द्या. म्हणावं, जीभ खरी आहे."

घरी तिने गाजरं पितळी घमेल्यात धुतली. पिळाच्या गाजरांना वेळ लागला, प्रत्येक खाचेत नख घालावं लागलं. आक्काने किसाची वाटी पुढ्यात घेतली, डोळे मिटले आणि हळूहळू चावलं.

"हं," ती म्हणाली. पुन्हा एक चिमूट तोंडात टाकली. "अजून आहेत?"

"आहेत थोडी. किसू?"

"नको. पुरवून खाऊ."

मातीबाईने घमेलं खिडकीत नेलं आणि पाणी ओतण्याआधी सवयीने बोट तळाशी फिरवून पाहिलं. वाळू नव्हती. पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखं तांबडं होतं. निवळायला त्याला उद्याची सकाळ उजाडली असती. तिने ते ओतलं नाही. वर एक ताटली झाकली आणि घमेलं तसंच खिडकीत राहू दिलं.